चासीवरचा आकडा

आज गाड्यांवर बोलणार आहे, पण मायलेज, हप्ता आणि डिकीची जागा यांतलं काहीही या बोलण्यात येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे एका लिलावात १९६२ सालची एक फेरारी विकली गेली. मॉडेल २५० जीटीओ. किंमत ४ कोटी ८४ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ३४० कोटी रुपये. या जातीच्या गाडीत एसी नाही, रेडिओ नाही, पायाखाली गालिचा नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे दाखवणारी मोठी तबकडी आहे, पण स्पीडोमीटर नाही. शर्यतीत त्याचं काम काय? इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात आत भट्टी होते.

मग घेणाऱ्याने नक्की काय विकत घेतलं? सौंदर्य म्हणावं, तर हुबेहूब तशीच नक्कल त्याला कितीतरी स्वस्तात मिळाली असती. वेग म्हणावा, तर आजची चांगली मोटार तिला सरळ रस्त्यावर मागे टाकेल. माझं उत्तर असं की त्याने चासीवर ठोकलेला एक आकडा विकत घेतला: ३४१३.

हे मला पटकन समजतं, कारण माझी नोकरी फौजेत ई.एम.ई. मध्ये झाली. गाड्या, रणगाडे, तोफा दुरुस्त ठेवणारी ही कोअर. फौजेतल्या प्रत्येक गाडीचं लॉग बुक असतं. इंजिन बदललं, नोंद. गिअरबॉक्स उतरवला, नोंद. एखाद्या ट्रकचं अर्धं अंग बदललेलं असतं, तरी तो तोच ट्रक असतो, कारण नंबर तोच आणि नोंदी सलग. उलट झकास रंगवलेली, पण कागद नसलेली गाडी समोर आली की आम्ही भुवया उंचावतो. संग्राहकही तेच करतात. फक्त त्यांच्या हिशेबात शून्यं जास्त असतात.

आपल्याकडे इटालियन गाडी म्हणजे फियाट. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरलेली. मोदेना आणि मारानेल्लो हे जग त्याहून अगदी वेगळं. एका बाबतीत मात्र ते आपल्याला जवळचं आहे. सैनिकांच्या बाबतीत.

एन्झो फेरारी मोदेनाचे. पहिल्या महायुद्धात त्यांना भरती केलं ते डोंगरी तोफखान्यात, आणि काम मिळालं खेचरांना नाल ठोकण्याचं. आमच्या फौजेत खेचरांच्या तुकड्या आहेत, त्यामुळे त्या कामाला किती ताकद आणि किती सबुरी लागते ते मला ठाऊक आहे. हा तरुण तिथे आजारी पडला आणि त्याला घरी पाठवलं. युद्ध संपल्यावर तो तुरीनला फियाटकडे नोकरी मागायला गेला. नकार मिळाला. १९६९ मध्ये त्याच फियाटने त्याच्या कंपनीचा निम्मा हिस्सा विकत घेतला, पण ती फार पुढची गोष्ट.

फेरारीच्या बोनेटवरचा उधळलेला काळा घोडा सगळ्यांना माहीत आहे. तो मूळचा एका लढाऊ वैमानिकाचा. मेजर फ्रान्चेस्को बाराक्का, मूळचा घोडदळातला अधिकारी, पुढे विमानदळात गेला. शत्रूची ३४ विमानं पाडली आणि जून १९१८ मध्ये मारला गेला. त्याच्या विमानावर हा घोडा रंगवलेला असे. १९२३ मध्ये राव्हेन्नाजवळची एक शर्यत जिंकल्यावर एन्झोंची बाराक्काच्या वडिलांशी ओळख झाली आणि पुढे आईने सुचवलं की माझ्या मुलाचं चिन्ह तुझ्या गाडीवर लाव, ते तुला लाभेल. ही हकीकत खुद्द एन्झोंनी सांगितलेली. मागचा पिवळा रंग त्यांनी मोदेना शहराचा घेतला.

बाराक्काचं गाव लुगो. नकाशावर ते शोधलंत तर शेजारून सेनिओ नावाची लहानशी नदी वाहताना दिसेल. हे नाव मराठा लाइट इन्फंट्रीतल्या कुणालाही सांगा. ९ एप्रिल १९४५ रोजी या नदीच्या बांधावर आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून सुरक्षित जागी आणलं, मग एकट्याने मागे फिरून मशीनगनच्या चौक्या गप्प केल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांच्या रणगर्जनेने मागच्या कंपन्यांना बोलावून घेतलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आठव्या इंडियन डिव्हिजनने लगेच पुढे लुगो घेतलं. फेरारीच्या घोड्याचं मूळ गाव आपल्या जवानांनी मोकळं केलेलं आहे, हे फेरारीचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून हिंडणाऱ्या आपल्या किती पोरांना माहीत असेल?

त्याच युद्धात एन्झोंच्या मारानेल्लोच्या कारखान्यावर दोनदा बॉम्ब पडले. तिथे तेव्हा मोटारी नव्हे, यंत्रं घडवणारी यंत्रं तयार होत होती. युद्धानंतर त्याच परिसरात फेरुच्चो लाम्बोर्गिनी नावाचा, हवाई दलात मेकॅनिक राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा लष्कराने टाकून दिलेल्या गाड्यांच्या भागांतून ट्रॅक्टर जुळवायला लागला. भंगारातून कामाची वस्तू उभी करायची ही सवय त्या सगळ्या मुलखालाच लागली असावी.

आता जीटीओकडे येतो.

१९६२ पासून मोठ्या विजेतेपदाची स्पर्धा जीटी गाड्यांसाठी ठेवण्यात आली. म्हणजे निव्वळ शर्यतीचं यंत्र नको, गिऱ्हाइकाला विकली जाणारी गाडी हवी. आंतरराष्ट्रीय महासंघाची, एफआयएची अट अशी की बारा महिन्यांत अशा किमान १०० गाड्या बनलेल्या असाव्यात. फेरारीला १०० बनवायच्या नव्हत्या आणि परवडणारही नव्हत्या. मग त्यांनी युक्तिवाद केला की ही नवी गाडी नाहीच. आमची २५० जीटी बर्लिनेट्टा आधीच मंजूर आहे, ही तिचीच थोडी सुधारलेली आवृत्ती. महासंघाने ते मान्य केलं. जीटीओ म्हणजे ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो. शेवटच्या शब्दाचा अर्थ 'मंजूर झालेली'. म्हणजे सरकारी शिक्काच नावात! बनल्या किती? १९६२ ते १९६४ या काळात ३६. चार लिटर इंजिनाच्या तीन धरल्या तर ३९.

या युक्तिवादाची किंमतही मोजावी लागली. 'जुनीच गाडी' म्हटल्यावर जुनी हाडं ठेवणं आलं. म्हणून या इतक्या नाजूक दिसणाऱ्या गाडीला मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे आहेत, आपल्या ट्रकला असतात तसे! वर्कशॉपमधल्या माझ्या पोरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं असतं. अर्थात पाटे जागेवर ठेवून त्यांना सावरणारी जोडणी इंजिनिअरांनी हुशारीने बसवली. नियमाचं अक्षर पाळायचं आणि बाकी सगळीकडे वळण घ्यायचं, ही कला कुठल्याही फौजेतल्या क्वार्टरमास्टरला शिकवावी लागत नाही. आणखी एक गंमत. त्या काळी फेरारी रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि शर्यतीच्या गाड्यांना सम नंबर देत असे. जीटीओचे नंबर विषम आहेत. थाप मारायची तर नंबरापर्यंत निभावायची.

इंजिन जोआक्किनो कोलोंबो यांनी १९४० च्या दशकात आखलेल्या घराण्यातलं: १२ सिलिंडर, २९५३ सीसी, सहा दुहेरी कार्बोरेटर, सुमारे ३०० अश्वशक्ती. एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण २५० सीसी येतात, म्हणून नाव २५०. वजन जेमतेम ९०० किलोच्या आसपास. वरचं अंग मोदेनाच्या सर्ज्यो स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात कारागिरांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून हातोड्याने ठोकून घडवलं. त्यामुळे दोन जीटीओ बारकाईने पाहिल्या तर तंतोतंत सारख्या नसतात. आपल्या तांबट आळीतल्या भांड्यांसारखंच, ठोका प्रत्येकाचा वेगळा.

आणि ही गाडी अर्ध्यावर असताना कारखान्यात बंड झालं. जीटीओची घडण ज्योत्तो बिझ्झारिनी या इंजिनिअरकडे होती. नोव्हेंबर १९६१ मध्ये बिझ्झारिनी, मुख्य इंजिनिअर कार्लो कीती, संघव्यवस्थापक रोमोलो ताव्होनी आणि आणखी काही वरिष्ठ एकदम बाहेर पडले. बाहेर काढले गेले, म्हणणं जास्त बरोबर. तक्रार होती एन्झोंच्या पत्नी लाउरा यांच्या कारखान्यातल्या ढवळाढवळीची, आणि ती तक्रार त्यांनी लेखी दिली होती. कमांडिंग ऑफिसरच्या घरातल्यांविषयी लेखी तक्रार, तीही सामुदायिक! फौजेत असं कुणी केलं असतं तर पुढे काय झालं असतं ते सांगायची गरज नाही. एन्झोंनी काय केलं? २६ वर्षांच्या माउरो फोर्गिएरीला बोलावून सगळा तांत्रिक विभाग त्याच्या हवाली केला. माणूस म्हणून एन्झो मला फारसे आवडत नाहीत. हाताखालच्यांना एकमेकांशी झुंजवून काम काढण्याची त्यांची पद्धत होती आणि तसे अधिकारी मी पाहिले आहेत. पण हा एक निर्णय, ऐन धुमश्चक्रीत सर्वांत तरुण माणसावर भरवसा टाकण्याचा, मी सलाम करण्याजोगा मानतो. फोर्गिएरीने गाडी पूर्ण केली, आणि मार्च १९६२ मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ओलिव्हिए जांदब्यँ यांनी ती सबंध शर्यतीत दुसरी आणि आपल्या गटात पहिली आणली.

बंडखोरही गप्प बसले नाहीत. व्हेनिसचे काउंट जोव्हान्नी व्होल्पी यांनी त्यांच्या नव्या कंपनीला पैसे दिले, म्हणून एन्झोंनी त्यांना जीटीओ विकायचं नाकारलं. मग व्होल्पींनी आपली जुनी २५० बिझ्झारिनींच्या ताब्यात दिली आणि सांगितलं, हिलाच जीटीओला भारी करा. मागे सरळ लांब छप्पर आणि एकदम कापलेली शेपूट अशी चमत्कारिक गाडी तयार झाली. इंग्रज पत्रकारांनी तिला पाववाल्याची व्हॅन म्हणून हिणवलं. १९६२ च्या ल मान्सला ही पाववाल्याची व्हॅन चौथ्या तासात बंद पडेपर्यंत जीटीओंच्या पुढे पळत होती. याच बिझ्झारिनींनी पुढे लाम्बोर्गिनीसाठी १२ सिलिंडरचं इंजिन आखलं, आणि तेच वाढवून १९६६ च्या मिउरात आडवं बसलं. मिउरावर वेगळं बोलावं लागेल. आज एवढंच सांगतो की एका बंडातून संग्राहकांच्या दोन पिढ्यांचा खुराक निघाला.

जीटीओने १९६२, ६३ आणि ६४ अशी तिन्ही वर्षं विजेतेपद मिळवलं. तीच थाप मात्र पुढच्या गाडीला चालली नाही. मधोमध इंजिन असलेली २५० एलएम हीसुद्धा जुनीच गाडी, असं फेरारीने सांगून पाहिलं. या वेळी महासंघ हसला आणि नाही म्हणाला. एन्झो इतके रागावले की १९६४ च्या शेवटच्या दोन फॉर्म्युला वन शर्यतींत त्यांच्या गाड्या इटलीचा लाल रंग टाकून अमेरिकन संघाच्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरल्या. जॉन सर्टीझ त्या रंगात जगज्जेते झाले.

आता पुढचा भाग ऐका, कारण या गाड्या किती निर्दयपणे वापरल्या गेल्या हे कळल्याशिवाय आकड्याचं महत्त्व कळत नाही. नवी जीटीओ अमेरिकेत १८,००० डॉलरना मिळे, तेव्हाच्या भावाने साधारण ८६ हजार रुपये. दोन-तीन हंगाम झाले की ती जुनी शर्यतीची गाडी. अशा गाडीला भाव नसतो. आम्ही फौजेत अशा गाडीवर 'दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही' असा शेरा मारून लिलावाला काढतो. एक जीटीओ टेक्सासमधल्या एका शाळेला देणगी म्हणून गेली. तिथली पोरं तिच्यावर मोटार दुरुस्ती शिकली. १९७२ मध्ये शाळेने ती ६,५०० डॉलरना विकली. पुढच्या मालकाने ती ओहायोत शेतातल्या उघड्या ट्रेलरवर ठेवली, आणि ती सुमारे १५ वर्षं ऊन, पाऊस, बर्फ खात तिथेच उभी होती. पिंक फ्लॉइडचे ढोलवादक निक मेसन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक जीटीओ घेतली, सुमारे ३५,००० पौंडांना. तेव्हा लोकांना तेसुद्धा जास्तच वाटलं असणार.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो गेले आणि किमती उसळल्या. जपानचा फुगा फुगलेला होता. एका जीटीओचा सौदा एक कोटी डॉलरच्या वर गेला. फुगा फुटल्यावर काही वर्षांतच भाव तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आला. 'जुनी फेरारी कधी पडत नाही' असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला ही वर्षं आठवून द्या.

मग ३४१३ चं काय? ही गाडी १९६२ च्या तार्गा फ्लोरिओत सरावासाठी फिल हिलने चालवली. नंतर एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दी या हौशी शर्यतपटूने ती घेऊन डोंगरी चढाच्या शर्यती एकामागून एक जिंकल्या आणि इटलीचं राष्ट्रीय जीटी विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी ती बुल्गारी या जवाहिऱ्यांच्या घराण्यातल्या जान्नी बुल्गारींकडे गेली. आणि १९६४ मध्ये स्काल्येत्तींच्याच कारखान्यात तिला नव्या घडणीचं अंग चढवलं गेलं. म्हणजे ३४० कोटींची ही गाडी जन्मली तेव्हा दिसत होती तशी आज दिसत नाही! पण तो बदल तिच्या नोकरीच्या काळातला, तिच्याच कारखान्यात, शर्यत जिंकण्यासाठी केलेला. इंजिन, गिअरबॉक्स मूळचे. नोंद सलग. म्हणून तो डाग नाही, बढती आहे. तोच बदल कुणी १९९० मध्ये देखणेपणासाठी केला असता तर किमतीला कात्री लागली असती.

नोंद तुटली की काय होतं, तेही पाहा. १९५४ ची ३७५ प्लस नावाची एक फेरारी, नंबर ०३८४. जळालेल्या सांगाड्याच्या अवस्थेत ती १९८० च्या दशकात ओहायोतून चोरीला गेली आणि बेल्जियमला पोचली. तिथे तिची नीट डागडुजी झाली. इकडे मूळ मालकाकडे काही सुटे भाग आणि हक्क राहिलेच. वर्षानुवर्षं भांडण. २०१४ मध्ये इंग्लंडात लिलाव झाला, एक कोटी पौंडांवर बोली लागली, आणि विक्रीनंतर पुन्हा कोर्टबाजी. एकच नंबर आणि दोन खंडांत दोन दावेदार.

आणि नकला. १९६० च्या दशकात फेरारीने २५० जीटीई नावाची चार आसनी कौटुंबिक गाडी साडेनऊशेच्या आसपास बनवली. इंजिन त्याच कोलोंबो घराण्यातलं. जीटीओची किंमत चढू लागल्यावर लोकांनी या बिचाऱ्या जीटीई कापून त्यांच्या हाडांवर जीटीओचं अंग चढवलं. मला याची चीड येते. खोटी गाडी बनवण्यासाठी खरी गाडी मारायची! नकली म्हणून राजरोस विकली तर निदान प्रामाणिकपणा तरी. पण चासीवर नवा आकडा ठोकणारेही निघाले. म्हणून आज मोठ्या सौद्याआधी तज्ज्ञ भिंग घेऊन ठोकलेल्या अंकांचं वळण, खोली आणि शेजारचा धातू पाहतो. जुन्या शर्यतींचे फोटो लावून पत्र्यावरच्या रिबिटांची जागा जुळवतो. कारखान्याच्या दप्तरातली पानं मागवतो. फेरारी कंपनीनेही जुन्या गाड्या तपासून दाखला देणारा वेगळा विभाग उघडला आहे. गुन्हा अन्वेषणाचंच काम, फक्त हातमोजे जास्त महाग.

यातून संग्राहकांची आवडही बदलली. पूर्वी गाडी आरशासारखी चकचकीत करून आणायची पद्धत होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला एक २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर विकली गेली. एके काळी ती नट आलँ द्लाँ यांच्याकडे होती. फ्रान्समधल्या एका शेतवाडीत जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली ती कित्येक वर्षं पडून होती. लिलावाला मांडली ती धुळीसकट. कुणी फडकंही फिरवलं नाही. एक कोटी ६३ लाख युरो आले. त्या धुळीची नक्कल करता येत नाही, म्हणून तीसुद्धा पुराव्यात जमा.

२०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओचं रूप ही कलाकृती आहे असं मानून तिच्या नकलांना मनाई केली. मला हा निकाल नकली गाड्यांपुरता पटतो, पण ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे असा अर्थ कुणी काढला तर नाही पटत. खुद्द मालकांनाही बहुधा पटत नसावा. दर पाच वर्षांनी जीटीओंचे मालक एकत्र येतात आणि शेकडो किलोमीटर रस्त्यावरून गाड्या पळवतात, घाट चढतात, पावसात भिजतात. निक मेसन यांची गाडी १९६२ च्या ल मान्सला तिसरी आलेली. त्यांनी ती शर्यतींत उतरवली आहे, मुलींच्या हाती चालवायला दिली आहे. दर वेळी परत आल्यावर कुणीतरी वर्कशॉपमध्ये तिच्याखाली सरपटत जातो, पाटे तपासतो, कार्बोरेटर जुळवतो आणि वहीत तारीख घालून लिहितो की आज हिला काय काय केलं.